पदवीच्या मुलांना संशोधनात घ्यायचं तर आधी चाळीस तास मोजा

डिसेंबरातली सकाळ, साडेनऊची वेळ. आमच्या विभागाच्या गच्चीवर दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मल्टिमीटर हातात धरून वैतागून उभी होती. समोर दहा वॅटचं सोलर पॅनल, मीटर वीस व्होल्टच्या रेंजवर, आणि पडद्यावर आकडाच नाही. डावीकडे नुसता १. "सर, मीटर गेलं." मी म्हटलं, "बाराला परत बघ." बाराला तेच मीटर १९.६ दाखवत होतं.

मीटरला काही झालेलं नव्हतं. सकाळी पॅनल थंड होतं, म्हणून व्होल्टेज विसाच्या वर गेलं आणि ते त्या रेंजमध्ये मावेना. दुपारी पॅनल तापलं, व्होल्टेज उतरलं, आकडा दिसायला लागला. तापमानाने पॅनलवर काय होतं हे बघायला ती आली होती. ते पहिल्याच दिवशी तिच्या डोळ्यांसमोर घडलं आणि तिला वाटलं मीटर बिघडलं.

पदवीच्या मुलांना संशोधनात घ्यायचं म्हणजे या साडेनऊ ते बाराच्या मधल्या वेळेत काय करायचं, तेवढंच शिकायचं असतं. ते मी बरीच वर्षं चुकतमाकत शिकलो. हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे: आठवड्याला भरपूर लेक्चरं, पीएचडीचे एक-दोन विद्यार्थी, लॅब असिस्टंट एक, आणि जुलैत दारात उभं राहून "सर, रिसर्च करायचंय" म्हणणारी चार-पाच मुलं.

आधी कॅलेंडर, मग विषय

आपण उलटं करतो. विषय ठरवतो, मुलाला खूश करतो आणि ऑक्टोबरात कळतं की काहीच झालेलं नाही.

सेमिस्टर कागदावर पंधरा आठवड्यांचं असतं. त्यातला एक आठवडा मिड-सेमचा. शेवटचे दोन सबमिशन आणि व्हायवाचे. गणपतीत दांडिया बाजार, रावपुरा भागातली मुलं मंडपात असतात. त्यांना बोलावू नका, येणार नाहीत. आणि हे बडोदं आहे, तेव्हा नवरात्रीच्या नऊ रात्री वेगळ्या मोजायच्या. गरबा खेळून, कुठेतरी खाऊन पहाटे दोनला घरी गेलेल्या मुलाकडून सकाळी ब्युरेट (थेंबाथेंबाने द्रव सोडायची मोजनळी) वाचून घेऊ नये. मी एकदा घेतली होती. ती सगळी रीडिंगं नंतर फेकावी लागली.

उरतात दहा आठवडे. लेक्चरं आणि प्रॅक्टिकलं सांभाळून मूल आठवड्याला प्रामाणिकपणे चार तास देऊ शकतं. म्हणजे चाळीस तास. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. त्यातले बारा उपकरण हाताळायला शिकण्यात जातात. चार वाया जातात: वीज गेली, डिस्टिल्ड वॉटर संपलं, चावी ज्याच्याकडे आहे तो रजेवर. आठ तास आलेख आणि लिखाणाला. खऱ्या रीडिंगांसाठी उरतात सोळा. प्रश्न या सोळा तासांत मावला पाहिजे.

तुलनेसाठी सांगतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात चार वर्षांच्या ऑनर्स विथ रिसर्च पदवीला चौथ्या वर्षात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे, आणि पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के किंवा जास्त मिळवणाऱ्यांना तो घेता येतो. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरले तर ते ३६० तास होतात, आपल्या चाळीसच्या नऊपट. चौथ्या वर्षासाठी शोभेल असा विषय दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या गळ्यात घातला तर तो बुडणारच. उलट दुसऱ्या वर्षी चाळीस तास नीट घालवलेलं मूल चौथ्या वर्षाचे ३६० तास वाया घालवत नाही.

कोणाला घ्यायचं

मार्कांवर घेऊ नका. मार्क बघा, पण त्यांच्यावर ठरवू नका. माझी परीक्षा साधी आहे. आमच्या लॅबमधला एक नळ वर्षानुवर्षं गळतो (तो दुरुस्त करू नका असं मी असिस्टंटला सांगून ठेवलंय). आलेल्या प्रत्येकाला मी एक मेजरिंग सिलिंडर देतो, घड्याळ त्याच्या मोबाइलमध्ये असतंच, आणि सांगतो, "या नळातून दिवसाला किती पाणी वाया जातं ते सोमवारपर्यंत सांग."

एका वर्षी वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाने दहा मिनिटांत उत्तर आणलं: मिनिटाला साठ थेंब, थेंब ०.०५ मिलिलिटरचा, म्हणून दिवसाला ४.३२ लिटर. थेंबाचं माप त्याने पुस्तकातून घेतलं होतं, सिलिंडर कोरडाच होता. दुसऱ्या एका मुलीने तीन आकडे आणले, ३.८, ४.४, ४.१, आणि वर विचारलं, "सर, सकाळी टाकी भरलेली असते तेव्हा जास्त गळतं का?" तिला मी तिथल्या तिथे घेतलं. पहिल्यालाही घेतलं, पण त्याच्याकडून आधी सिलिंडर ओला करून घेतला.

दुसरं वर्ष सगळ्यात चांगलं. पहिल्या वर्षाला हात बसलेला नसतो, शेवटच्या वर्षाला प्लेसमेंट आणि गेट. तिसऱ्या वर्षाचं मूल आलं तर घ्या, पण ते सीव्हीसाठी आलंय का हे विचारून घ्या. तसं असलं तरी हरकत नाही, फक्त दोघांना ठाऊक असावं.

वेळ ठरवताना मुलं येतात कुठून ते बघा. पादरा, डभोई, सावली, करजणहून एसटीने किंवा लोकलने येणारी मुलं, विशेषतः मुली, संध्याकाळी पाचनंतर थांबू शकत नाहीत. "रिसर्च म्हणजे उशिरापर्यंत बसायचं" असा नियम केलात की तुमच्या लॅबमध्ये फक्त शहरातल्या अलकापुरी आणि फतेहगंजची मुलं उरतील. मी दुपारी बारा ते दोन आणि शनिवारची सकाळ ठेवतो. पादऱ्याची मुलगी, गच्चीवरची, याच वेळेमुळे टिकली.

प्रत्येक समारंभात आपण वेंकटरमण रामकृष्णन यांचं नाव घेतो: १९७१ मध्ये बडोद्याहून भौतिकशास्त्राची बीएस्सी, २००९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल. खरंच आहे. पण त्यांचे आईवडील दोघंही संशोधक होते आणि वडील इथल्याच विद्यापीठात बायोकेमिस्ट्री विभागाचे प्रमुख. ज्या घरात रात्री जेवताना प्रयोगांबद्दल बोललं जातं, त्या घरातलं मूल अर्धं शिकूनच येतं. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं घर तसं नसतं. ते जेवणाच्या ताटावरचं बोलणं आपल्याला लॅबमध्ये करावं लागतं, आणि ते करायला आठवड्याला अर्धा तास लागतो. त्याबद्दल पुढे.

प्रश्न छोटा करायचा म्हणजे नेमकं काय

मुलं विषय घेऊन येतात: नॅनो, एआय, विश्वामित्री नदीचं प्रदूषण, सोलर. विषय तोडू नका, त्याचा तुकडा पाडा.

बडोद्याजवळ नर्मदा कालव्यावर दहा मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहे. जानेवारी २०१५ मध्ये तेव्हाचे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कालव्यावर पॅनल का? जमीन वाचते, पाण्याचं बाष्पीभवन कमी होतं, आणि पाण्यावर पॅनल थोडं थंड राहतं. सिलिकॉनच्या पॅनलची पॉवर तापमान एक अंशाने वाढलं की साधारण ०.४ टक्क्याने घटते, त्यामुळे थंड राहणं म्हणजे जास्त वीज. गच्चीवरच्या विद्यार्थिनीला "कालव्यावरच्या सोलरचा अभ्यास" करायचा होता. तो चाळीस तासांत होत नाही. झाला तो असा: गच्चीवर एकसारखी दोन पॅनलं, एक पाण्याच्या टबावर, एक कोरड्या स्लॅबवर, दोन्हींचा कल २२ अंश, कारण बडोद्याचा अक्षांश जवळपास तेवढाच. दुपारी बारा ते दोन दर दहा मिनिटांनी दोन्हींचं व्होल्टेज आणि पाठीचं तापमान. फरक दिसतो का?

प्रश्न नीट झाला की नाही हे ओळखायची माझी कसोटी एवढीच: पहिल्या दोन आठवड्यांत तो चुकीचा ठरू शकतो का? "विश्वामित्रीच्या पाण्याची गुणवत्ता" चुकीची ठरूच शकत नाही. काहीतरी आकडे येणारच आणि अहवाल होणारच. "हॉस्टेलच्या बोअरचं पाणी पावसाळ्यानंतर मऊ होतं" हे चुकीचं ठरू शकतं. तो प्रश्न. इंजिनिअरिंगमध्येही तसंच: "फॅनच्या कंपनांचं विश्लेषण" नको, "बेअरिंग बदलल्यावर याच फॅनचं कंपन कमी होतं का" चालेल.

आणि कृपा करून आपल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याचं उरलेलं काम या मुलांना देऊ नका. दोनशे नमुने गाळायला लावले आणि कशासाठी ते सांगितलं नाही, की मूल महिनाभरात गायब होतं, आणि बरोबर करतं.

पहिले तीन आठवडे: जमवलेलं रीडिंग सोडवायचं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. अकरावीपासून आपण मुलांना प्रॅक्टिकलमध्ये एकच गोष्ट पक्की शिकवलेली असते: उत्तर आधी ठरलेलं आहे, तुझं रीडिंग त्याच्याजवळ गेलं पाहिजे. मागच्या वर्षीचं जर्नल, शेजारच्याचा आकडा, शेवटी थोडं जमवायचं. मुलं बेईमान नसतात. त्यांना याचेच मार्क मिळालेले असतात.

पाण्याचा कठीणपणा मोजायचं उदाहरण घेऊ, कारण हे कुठल्याही लॅबमध्ये होतं. पन्नास मिलिलिटर नमुना, अमोनियाचा बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून पीएच दहाला, चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा सूचक, आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे कठीणपणा आणणारे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं रसायन. लालसर वाइनचा रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. एक मिलिलिटर ईडीटीए म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. १२.४ मिलिलिटर लागलं तर लिटरला २४८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे आकड्याला अर्थ आहे, आणि मुलांना तो लगेच कळतो, कारण ते पाणी ती पितात.

एका मुलाने वहीत लिहिलं: १२.४, १२.४, १२.४. मी विचारलं, "तिन्ही अगदी सारखी?" "हो सर." "चौथं माझ्यासमोर कर." तो सुरुवातीला भरभर सोडत होता, मग एकदम सावध झाला. लाल गेला, जांभळट आला. तो थांबला, १२.१. मी काहीच बोललो नाही. त्याने अजून एक थेंब टाकला, अजून एक. १२.३ ला पूर्ण निळा. फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवून तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, आधीची दोन मी जांभळ्यावरच थांबवली होती, मग पहिल्यासारखी लिहिली." एवढं तोंडून निघालं की तीन आठवड्यांचं काम झालं समजा.

रागावलात तर पुढच्या वेळी तो जास्त हुशारीने जमवेल. त्यापेक्षा दोन युक्त्या. एक, मुलांना असा नमुना द्या ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही, आणि तसं सांगा. दुसरी युक्ती आमच्या लॅब असिस्टंटची: तो एकाच कॅनमधून दोन बाटल्या भरतो आणि एकीवर ४, दुसरीवर ९ लिहितो, मुलांना सांगत नाही. शेवटी ४ आणि ९ चे आकडे शेजारी मांडले की हाताची खरी अचूकता किती ते कळतं. पाण्याच्या प्रयोगशाळांत हे रोजचंच असतं. पहिल्यांदा फरक १८ मिलिग्रॅमचा आला तेव्हा मुलं हिरमुसली. असिस्टंट म्हणाला, "वांधा नाही, पुढच्या वेळी सात येईल." आला सहा.

वही

बांधीव, पानांना क्रमांक घातलेली, पेनने. खाडाखोड चालेल, फाडलेलं पान चालणार नाही. फेअर कॉपी बंद. पहिल्या दिवशी मी त्यांना माझी स्वतःची जुनी वही दाखवतो, ज्यात एका पानावर चहाचा डाग आहे आणि शेजारी लिहिलंय: "बफर घालायला विसरलो." मुलं हसतात, आणि मग त्यांच्या वहीतही असं लिहायला लागतात.

दर शनिवारी वहीच्या पानांचे फोटो काढून सामायिक फोल्डरमध्ये. हा नियम मी २०२४ च्या ऑगस्टनंतर केला. विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या एका खोलीत खालच्या ड्रॉवरमध्ये दोन वर्षांच्या वह्या होत्या. बॉलपेनचं लिखाण वाचता आलं, शाईचं नाही.

आठवड्याचा अर्धा तास

शनिवारी अकरा. मी तीनच प्रश्न विचारतो: काय मोजलंस, काय अनपेक्षित दिसलं, पुढच्या आठवड्यात काय मोजणार? दुसऱ्या प्रश्नाला "काही नाही" उत्तर आलं तर वही उघडायला सांगतो, काहीतरी असतंच. या अर्ध्या तासात पीपीटी नको. पीपीटी आली की मुलं रीडिंगांपेक्षा रंगांवर वेळ घालवतात.

बोलणं मराठीत, गुजरातीत, हिंदीत, कशातही होऊ द्या. इंग्रजीत समजावून सांगता आलं नाही म्हणजे समजलं नाही असं आपण धरून चालतो, ते चुकीचं आहे. याच गावात १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली, आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर तिथे कापडाची रंगाई आणि रसायन गुजरातीतून शिकवण्यामागे होते. आजची इंजिनिअरिंग फॅकल्टी त्याच कलाभवनातून वाढली. लेखी अहवाल इंग्रजीत लागतो, ठीक आहे, पण तो शेवटच्या आठ तासांत. तोपर्यंत "सर, ए पॅनल गरम थाय छे पण व्होल्टेज कमी नथी थतो" हे वाक्य सोन्याचं आहे.

रोजची देखरेख पीएचडीचा विद्यार्थी करणार असेल तर त्याच्याशी आधी बोला. एका वेळी दोनच मुलं, आणि काचसामान धुण्याची पाळी सगळ्यांची, त्याचीही. बैठक संपल्यावर आम्ही सेव-उसळ खायला जातो. निम्म्या शंका तिथेच सुटतात, कारण मुलं तिथे विचारायला घाबरत नाहीत.

पॅनलची अदलाबदल

गच्चीवरच्या मुलीकडे परत येतो, कारण पुढचं वळण सगळ्यांच्या कामात येतं.

आधी मीटरचा घोळ. वीसच्या रेंजमध्ये सकाळी मावत नाही, आणि दोनशेच्या रेंजमध्ये ते मीटर ०.१ व्होल्टपेक्षा बारीक दाखवत नाही. पॅनलचं व्होल्टेज एका अंशाला साधारण ०.३ टक्के उतरतं, म्हणजे जवळपास ०.०६ व्होल्ट. दीड-दोन अंशांचा फरक पडल्याशिवाय आकडा हलणारच नाही. महागडं मीटर मागवायचं पत्र लिहायच्या आधी मी तिला विचारलं, "व्होल्टेज अर्धं करता येईल?" दोन दिवसांनी ती दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर घेऊन आली, पॅनलला एकापाठोपाठ जोडले, आणि एकावरचं व्होल्टेज मोजलं. साधारण दहा व्होल्ट, वीसच्या रेंजमध्ये आरामात, ०.०१ पर्यंत वाचन. तिने हे बारावीत शिकलेलं होतं. वापरायची वेळ आज आली होती.

मग तिसऱ्या आठवड्यात आनंद: पाण्यावरचं पॅनल सातत्याने जास्त व्होल्टेज देतंय! मी म्हटलं, "आता पॅनलं अदलाबदल कर." ती नाराज झाली, पण केली. तेच पॅनल, आता कोरड्या स्लॅबवर, तरीही जास्तच देत होतं. फरक पाण्याचा नव्हता, पॅनलचा होता. एकाच खोक्यातून आलेली दोन पॅनलं सारखी नसतात. तिथून पुढे रोज बारा ते एक "अ" पाण्यावर, एक ते दोन "ब" पाण्यावर, आणि दुसऱ्या दिवशी उलटं. सरासरी काढल्यावर उरलेला फरक मीटरच्या शेवटच्या अंकाएवढा होता.

"मग सर, काहीच सापडलं नाही?" सापडलं की. टब लहान होता, गच्चीवर वारा भरपूर होता, तेव्हा पॅनलला पाण्यापेक्षा वारा थंड करत होता असा तिचा अंदाज, आणि तो तिने तापमानाच्या आकड्यांवरून मांडला. कालवा म्हणजे टब नव्हे, हे तिने अहवालात स्वतःहून लिहिलं. ते वाक्य मी तिला सुचवलेलं नव्हतं.

एक सूचना: उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आठवड्यात गच्चीवर काहीही ठेवू नका. आमची थर्मोकपलची (तापमान मोजायच्या तारेची) एक वायर मांजाने कापली.

सुरक्षितता

लॅबमध्ये कोणीही एकटं नाही, कुठल्याही कारणाने. अमोनियाचा बफर फ्युम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटातच, उघडायचा. गच्चीवर जाण्याआधी वॉचमनला सांगायचं, कारण तो पाचला कुलूप लावतो.

नदीच्या नमुन्यांबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. विश्वामित्रीत मगरी आहेत, शहरातून वाहणाऱ्या भागातही, आणि त्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. बाहेरगावाहून आलेल्या मुलांना हे गमतीचं वाटतं. काठावर उतरायचं नाही, एवढाच नियम. नमुना पुलावरून, दोरी बांधलेल्या बादलीने, दिवसाउजेडी, दोघांनी मिळून. आणि ज्या दिवशी बादली ओढताना खाली काही हललं असं वाटलं, त्या दिवशी नमुना नाही, वहीत तसं लिहून परत यायचं.

पैसे

फार लागत नाहीत. दोन पॅनलं, दोन मीटर, रेझिस्टर, टब: घरखर्चाच्या डब्यातून होईल इतकं. अडचण रकमेची नसते, वेळेची असते. विभागाकडून मंजुरी यायला सेमिस्टर जातं. म्हणून जूनमध्येच प्रत्येक मुलामागे एक छोटी रक्कम मागून ठेवा, विषय नंतर भरा. मूल काही वस्तू बनवत असेल तर गुजरात सरकारच्या विद्यार्थी स्टार्टअप आणि इनोव्हेशन धोरणाखाली, म्हणजे एसएसआयपीतून, प्रोटोटाइपला मदत मिळते. आपल्या संस्थेतल्या समन्वयकाला विचारा.

बाहेर पाठवणं

चाळीस तास पूर्ण केलेल्या मुलाला उन्हाळ्यात बाहेर पाठवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात, आणि तिच्यात शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नियस हा कार्यक्रम २००४ पासून पदवीच्या मुलांसाठीच आहे. अर्जात शिफारसपत्र लागतं. "मेहनती आणि हुशार विद्यार्थी" असं लिहू नका, शंभर पत्रांत तेच असतं. "हिने पॅनलं अदलाबदल केल्यावर स्वतःचा निष्कर्ष मागे घेतला" असं लिहा. मी लिहिलं होतं. तिची निवड झाली.

नाव कोणाचं, छापायचं कुठे

जुलैतच बोलून घ्या. ज्याने प्रश्नाला आकार दिला, रीडिंगं घेतली, अर्थ लावला आणि लिखाण तपासून त्याची जबाबदारी घेतली, तो लेखक. फक्त नमुने आणून दिले असतील तर आभार. विभागप्रमुखांचं नाव रिवाज म्हणून घालायचं का, यावर मुलांसमोर भांडू नका, पण मुलांची नावं खालीही ढकलू नका.

दुसऱ्या वर्षाच्या बहुतेक कामांचा पेपर होत नाही, आणि व्हायला हवा असंही नाही. मुलांवर मात्र सीव्हीचा दबाव असतो, आणि "सात दिवसांत प्रकाशन, इतके रुपये" अशा मेल त्यांना थेट येतात. २०१९ मध्ये सुरू झालेली यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता यादी दाखवून टाळता येत नाही. जर्नल कसं ओळखायचं हे मुलांबरोबर बसून बघावं लागतं. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधायला सांगा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

पेपरऐवजी मी तारीख देतो: २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी विभागाच्या व्हरांड्यात पोस्टर. पोस्टरवर एक आलेख, एक फोटो आणि एक चौकट, "काय चुकलं." ही चौकट आधी मुलांना नको असते. मग पहिल्या वर्षाची मुलं नेमकी तिथेच थांबून वाचतात.

एप्रिलमध्ये: पुढच्यासाठी

प्रकल्प संपला की मूल जातं आणि पुढच्या जुलैत नवीन मूल शून्यापासून सुरू करतं. हे थांबवायला शेवटचे दोन तास राखून ठेवा. एक फोल्डर: कच्ची रीडिंगं जशी आहेत तशी, आलेख, उपकरणाच्या जोडणीचा फोटो, आणि पुढच्यासाठी एका पानाची चिठ्ठी. चिठ्ठी घरच्या भाषेत. काय करून बघितलं, काय करू नका, कुठलं सामान कुठे आहे.

पादऱ्याच्या मुलीची चिठ्ठी गच्चीच्या दारामागे अजून चिकटवलेली आहे. त्यात रेझिस्टरची जोडणी काढलेली आहे, वारा नसलेल्या दिवशी मोठ्या टबावर करून बघा असं लिहिलंय, आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: "ब पॅनलची लाल वायर सैल आहे. ओढू नका."